तारयात्रीचा चेहरा

मित्रांनो, माझ्या पोटात दोन ट्यूबलाईट आहेत आणि माथ्यावर एक जाड काच. मी एक जुनी उजेडाची पेटी आहे. चित्रकार माझ्यावर कागद ठेवतात, बटण दाबतात, आणि खालच्या कागदावरचे सारे वरच्या कागदातून दिसू लागते. माझे काम एवढेच. मी कधी एक अक्षर लिहिले नाही की एक रेघ ओढली नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढची हकीकत ऐकून तुम्ही माझ्याकडे संशयाने पाहाल. पुष्कळांनी पाहिले आहे.

मला एका लाईनमनने बनवले. विजेच्या खांबावर चढून तारा जोडणे हे त्याचे काम. त्याचे वडील चित्रकार होते. घरात लहानथोर सगळे त्यांना आबा म्हणत. आबा खिडकीच्या तावदानाला कागद चिकटवून, मान उंचावून चित्रे गिरवत. "मान मोडून घ्याल एक दिवस," असे म्हणत मुलाने एका बंद पडलेल्या दुकानाच्या काउंटरची काच आणली, वाळूने घासून तिची खालची बाजू धुरकट केली, फळ्या ठोकून पेटी केली आणि आत ट्यूब बसवल्या. माझ्या ट्यूबचा चोक पहिल्या दिवसापासून गुणगुणतो. आबांनी विचारले, "हा आवाज जायचा नाही का रे?" मुलगा म्हणाला, "राहू द्या की. तेवढीच सोबत."

वर्षभरात तो गेला. वादळाने साऱ्या गावाची वीज गेली होती. तो खांबावर होता, आणि काम संपले असे समजून खाली कुणीतरी वीज सोडली. मित्रांनो, त्या संध्याकाळी आबांनी माझे बटण चालूच ठेवले होते. वीज आली आणि मी लख्ख पेटले. आबा हसून सुनेला म्हणाले, "आली बघ! आणली आपल्या पोराने."

तेव्हापासून मी पेटताना एकदा लुकलुकते. दुरुस्तीवाल्याला त्यात दोष सापडला नाही.

आबांनी भिंतीवरचे त्याचे सगळे फोटो उतरवले, एका पाकिटात घातले आणि पाकीट ट्रंकेच्या तळाशी गेले. सुनेची मुलगी तेव्हा दीड वर्षाची होती. सगळे तिला चिमणी म्हणत. चिमणी मोठी झाली ती वडिलांचा चेहरा न पाहता. त्या घरात त्याचे नाव निघत नसे. निघालेच तर कुणीतरी लगेच उठून पाणी प्यायला जाई.

सून एका बालसाप्ताहिकाच्या छापखान्यात मुद्रिते तपासत असे. दुसऱ्यांच्या चुका सुधारण्यात तिचा हात कुणी धरला नसता. एकदा साप्ताहिकाला मुलांसाठी एका महानायकाची मालिका हवी झाली. चित्रांसाठी आबा ठरले. लिहिणाऱ्याने मात्र ऐन वेळी अंग काढून घेतले. संपादकांनी डोक्याला हात लावला तेव्हा सून हळूच म्हणाली, "मी बघू का लिहून?"

असा तारयात्री जन्माला आला. विजेच्या तारांवरून चालणारा वीर. पायांत जाड बूट, हातांत कोपरापर्यंतचे मोजे, आणि डोक्यावर काच बसवलेले शिरस्त्राण. त्याचा वैरी काजळ्या घराघरांतल्या दिव्यांतला उजेड पिऊन टाकी, आणि तारयात्री तो परत आणी. सुनेने पहिल्याच भागात लिहिले होते, 'शिरस्त्राणाच्या काचेआड कोण आहे, ते कुणालाच माहीत नव्हते.' आबांनी ते वाचले आणि काचेची जागा कोरी सोडली. त्यावर दोघे एका शब्दानेही बोलले नाहीत. शब्दांनी चेहरा सांगायचा नाही, चित्राने दाखवायचा नाही, हा नियम असा आपोआप पडला.

आमची खोली गच्चीवर होती. खोलीचे दार उघडे असले की मला कठडा दिसे आणि कठड्यापलीकडून गेलेल्या तारा दिसत. सून दुपारी छापखान्यातून ताजे मुद्रित घेऊन येई. ते माझ्यावर खाली, आबांचा पातळ कागद वर. मजकुराच्या ओळी कुठे संपतात, तारयात्रीचा पाय कोणत्या परिच्छेदावर टेकतो, सारे माझ्या उजेडात ठरे.

सुरुवातीला दोघांचे जमत नव्हते.

"सूनबाई," आबा एकदा चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "तू लिहिलंस, त्याचा अंगरखा निळा आहे. मी निळा रंगवला. एकच गोष्ट दोघांनी सांगितली. मग वाचणाऱ्याने काय करायचं, माना डोलवायच्या?"

"मग मी काय लिहू?"

"जे मला काढता येत नाही ते. वास लिही. आवाज लिही. त्याच्या पोटात गोळा आला ते लिही."

"आणि तुम्ही?"

"मी फटका मारायच्या आधीचा हात काढीन. तू फटका बसल्यानंतरची शांतता लिही. मधला फटका पोरं मारतील."

सून हुशार. तिने हे असे उचलले की पुढे आबांनाच धडे देऊ लागली. "आबा, पाऊस मी लिहिलाय, तुम्ही नुसती ओली छत्री काढा." माझ्या काचेवर शाईचे डाग वाढले, चहाचे गोल उमटले. अंक हातोहात संपू लागले. मुलांची पत्रे पोत्याने येऊ लागली. संपादक स्वतः जिना चढून मला बघायला आले आणि माझ्यावर थाप मारून म्हणाले, "हिच्यावर शिजतं होय सगळं!" मला फार बरे वाटले. माझे ते भरभराटीचे दिवस होते.

मग ती दुपार आली.

चिमणी सात वर्षांची होती. माझ्या कडेवर हनुवटी टेकवून ती नवा भाग जुळताना बघत होती. आबांनी कागद सरकवला आणि ती म्हणाली, "आबा, याची एक भुवई तुटलीय."

"कुणाची?"

"तारयात्रीची. हसतोय बघा."

शिरस्त्राणाच्या कोऱ्या काचेतून खालच्या मजकुराची अक्षरे वर आली होती. एका शब्दाची शिरोरेषा नेमकी भुवईच्या जागी पडली होती, आणि छपाईचा खिळा झिजलेला असल्यामुळे ती मध्येच तुटली होती. एका वेलांटीचा गाल झाला होता. पूर्णविरामाचा डोळा. चेहरा एका बाजूने दिसत होता, थोडासा, जसा कुणी जिना उतरता उतरता दिसतो.

आबांच्या हातातला कुंचला तसाच राहिला. सुनेचा चेहरा पांढरा पडला. लाईनमनची डावी भुवई लहानपणी पडल्याने तुटली होती, तिथे केस उगवत नसत. चिमणीला हे कुणीही सांगितलेले नव्हते.

सुनेने खालचा कागद ओढून काढला. चेहरा गेला. "योगायोग," ती म्हणाली, आणि पाणी प्यायला गेली.

पुढच्या आठवड्यात मजकूर नवा होता, चित्र नवे होते, शिरस्त्राण पानाच्या दुसऱ्याच कोपऱ्यात होते. तरी तो आला. या वेळी जरा जास्त वळलेला. त्याच्या पुढच्या आठवड्यात आणखी वळलेला. तो हळूहळू आमच्याकडे तोंड करत होता.

आबा दुपारभर माझा दिवा लावून बसू लागले. काम संपले तरी उठत नसत. काच इतकी तापे की कागदाच्या कडा वळत. एके दिवशी सुनेने बटण बंद केले आणि म्हणाली, "आबा, मला खरं सांगा. ओळी सरकवायला तुम्ही खिळे जुळवणाऱ्याला सांगता ना?"

"मी?" आबा ताडकन उठले. "मला वाटतं तूच शब्द मोजून मापून लिहितेस! कुठला शब्द कुठे पडणार ते तुला बरोबर कळतं."

"मी त्याला माझ्या शब्दांत नाही ठेवलेला."

"मीही माझ्या रेषेत नाही ठेवलेला."

मग दोघांनी माझ्याकडे पाहिले. मित्रांनो, मला तोंड असते तर मी तेव्हाच सांगितले असते. मी फक्त उजेड देत होते. पण खरे सांगायचे तर त्या दुपारी बटण बंद असतानाही माझा चोक गुणगुणत होता, आणि ते का, हे मला आजही माहीत नाही.

त्या आठवड्यापासून मुलांची पत्रे बदलली. अंकाचे पान खिडकीशी धरले की मागच्या बाजूचा मजकूर पुढच्या चित्रात दिसतो, हे पोरांनी शोधून काढले होते. सून पत्रे वाचून दाखवी आणि वाचता वाचता तिचा आवाज बारीक होई. एका मुलीने लिहिले होते, 'मला काचेत माझी आजी दिसली. ती मोतीचूर झालेल्या डोळ्यांनी बघत नव्हती, नीट बघत होती.' तिथे मोतीबिंदू हवे होते, पण सुनेने शब्द सुधारला नाही. एकाने लिहिले होते, 'तो आमचा काका आहे. काका दोन वर्षांपूर्वी कामाला गेला तो आलाच नाही. त्याला सांगा, आम्ही घर बदललेले नाही.' प्रत्येकाला आपापले माणूस दिसत होते. आबा ऐकत, आणि त्यांना बरे वाटत असावे असे मला वाटे. आपण एकटे नाही असे कळले की माणसाला बरे वाटते, अगदी भीतीतही.

चूक झाली ती त्यानंतर, आणि ती दोघांनी मिळून केली. कुणा एकट्याची नव्हे, म्हणून ती कुणाच्या लक्षात आली नाही.

त्या भागात एक मांजराचे पिल्लू तारेवर अडकलेले असते. सुनेने लिहिले, 'ये,' तारयात्री म्हणाला. 'घाबरू नकोस. मी धरतो.' आबांनी वाचले. पिल्लू तर शब्दांत आलेच आहे, मग ते चित्रात कशाला? त्यांच्याच नियमाप्रमाणे त्यांनी पिल्लू वगळले. काढला तो फक्त तारयात्री, तारेवर उभा, आणि त्याचा हात. हात सरळ वाचणाऱ्याकडे पसरलेला. पानभर मोठा.

मी दोन्ही कागद एकत्र पाहिले. शब्द 'ये' म्हणत होते आणि हात तुमच्याकडे येत होता. मांजर कुठेच नव्हते. शब्दांनी तसे म्हटले नव्हते, चित्रानेही तसे म्हटले नव्हते, दोघांनी मिळून म्हटले होते. आणि कोऱ्या काचेत तो त्या दिवशी पूर्ण समोर वळलेला होता.

अंक गेला. चार दिवसांनी पत्रे आली. सुनेने पहिले उघडले. 'मी रोज गच्चीवर जाऊन उभी राहते. तो कोणत्या तारेवरून येतो?' दुसरे उघडले. 'आमच्या इथे गच्ची नाही. पाण्याच्या टाकीवर चढलो तर चालेल का?' तिसरे तिने उघडलेच नाही. ती चपला घालून तडक संपादकांकडे गेली. येत्या अंकात पहिल्या पानावर 'तारांजवळ जाऊ नका' अशी ठळक सूचना छापायची असे ठरवून, तिचे कच्चे मुद्रित हातात घेऊन ती परत आली तेव्हा चार वाजले होते.

आबा खुर्चीत डुलकी घेत होते. माझा दिवा चालू होता. दार उघडे होते, आणि दारातून मला चिमणी दिसत होती.

ती कठड्यावर उभी होती. डोक्यावर स्वयंपाकघरातले पातेले उपडे घातले होते, ते नाकापर्यंत आले होते. हातांत लोकरीचे मोजे होते. तिचे तोंड तारांकडे होते आणि एक हात पुढे केलेला होता. तिची बोटे आणि तार यांच्यात वीतभर अंतर असेल. तार गुणगुणत होती. माझ्याच सुरात.

मी लुकलुकले. मित्रांनो, आयुष्यात एकदाच मी मुद्दाम काही केले असेल तर ते हे. किंवा वीज त्या वेळी जराशी कमीजास्त झाली असेल. आबा जागे झाले. त्याच क्षणी सून जिन्यातून वर आली, आणि तिने बाहेर पाहिले. ती ओरडणार तोच आबांनी तिच्या तोंडावर हात ठेवला.

"ओरडू नकोस. दचकेल ती."

"आबा..."

"धावूही नकोस. ती आपलं ऐकायची नाही. त्याचं ऐकेल." आबा अनवाणी बाहेर गेले, कठड्यापासून चार हातांवर थांबले आणि त्यांनी हात पुढे केला. तळवा वर, करंगळी जराशी सुटी, अंगठा वाकडा. कुंचला धरून धरून त्यांचा अंगठा वाकडा झाला होता, आणि स्वतःचाच हात आरशात बघून काढल्यामुळे तारयात्रीचाही. "बोल, सूनबाई. त्याच्यासारखं बोल."

सून बोलू लागली. तो तिचा रोजचा आवाज नव्हता. ती लिहिताना जसे पुटपुटे तसा होता. "'घाबरू नकोस,' तारयात्री म्हणाला. 'मी आता या बाजूला आलो आहे. हात मागे घे. हळू. आता वळ. उजवा पाय आधी.'"

चिमणी थांबली. पातेल्याखालून तिला फक्त खालचे दिसत होते.

"'माझा हात तुझ्या ओळखीचा आहे,' तारयात्री म्हणाला. 'चित्रात पाहिला आहेस तू. तोच हा. धर.'"

चिमणी वळली. पातेल्याच्या कडेखालून तिने तो हात पाहिला. वाकडा अंगठा पाहिला. आणि लोकरीच्या मोज्यातला आपला हात तिने त्यात ठेवला. आबांनी तिला असे खेचले की दोघे गच्चीवर धाडकन पडले आणि पातेले गडगडत माझ्या पायाशी आले.

सुनेने तिला उराशी धरले, मग पाठीत धपाटा घातला, मग पुन्हा उराशी धरले. आबा जमिनीवरच बसून होते. चिमणी त्यांच्या हाताकडे टक लावून बघत होती.

"आबा, तुमचा हात इकडे कसा?" ती म्हणाली. आणि तिने तारांकडे बोट दाखवले. "तो तर तिकडे होता."

तारेवर कुणी नव्हते. मी पाहिले, मित्रांनो. मला तरी कुणी दिसले नाही.

सूचना छापून गेली. पण सुनेला माहीत होते, सूचना कुणी वाचत नाही. पोरे गोष्ट वाचतात.

"पुढचा भाग शेवटचा," ती म्हणाली.

"पुन्हा मारायचं त्याला?" आबा म्हणाले. "एकदा झालं ते पुरे नाही का?"

"मारायचं नाही आबा. खाली उतरवायचं. पोरांना तो जो पाहिजे तो दिसतो, कारण आपण त्याला कुणीच केलं नाही. जागा कोरी ठेवली की तिथे कुणीही येऊन बसतं. आता त्याला शिरस्त्राण काढू दे. त्याला चेहरा द्या."

आबा बराच वेळ माझ्या काचेवरून हात फिरवत राहिले. मग त्यांनी ट्रंक उघडली.

पाकीट दमट लागत होते. सहा वर्षांत ओल आत शिरली होती आणि सगळे फोटो एकमेकांना चिकटून एकच जाड पुठ्ठा झाला होता. सुनेने सुरीचे टोक घालून ते सोडवायचा प्रयत्न केला. एकेक फोटो सुटला, पण चेहरे सुटले नाहीत. ते दुसऱ्या फोटोच्या पाठीला चिकटून पापुद्रा झाले. खांदे उरले, शर्टाची बटणे उरली.

"मला आठवत नाही," आबा म्हणाले. "मी बाप असून मला आठवत नाही गं. काचेत दिसायचा तेव्हा वाटायचं, आठवतंय."

सून खाली बसली. तिने चिमणीला जवळ घेतले. "मी सांगते," ती म्हणाली. "तुम्ही काढा."

आणि सहा वर्षांत पहिल्यांदा त्या घरात त्याच्याबद्दल कुणी बोलले. "कपाळ तुमच्यासारखं, पण केस फार खाली यायचे. सारखा मागे सारायचा. नाक सरळ, नाही, एवढं सरळ नाही, टोक जरा उजवीकडे. हसला की आधी डोळे हसायचे आणि तोंड मागून यायचं, उशीर झालेल्या पाहुण्यासारखं." आबांनी रेघ ओढली, खोडली, पुन्हा ओढली. "दात?" "एक पुढचा जरा आडवा. लाज वाटायची त्याला." चिमणीने आपल्या पुढच्या दातावरून जीभ फिरवली. "माझ्यासारखा?" "तुझ्यासारखाच." "घोरायचा का?" "छप्पर उडेल असा." आबा एकदम हसले, आणि हसता हसता रडू लागले, आणि रडता रडता काढत राहिले. सुनेचे शब्द कुठे थांबले आणि आबांची रेघ कुठे सुरू झाली, ते मला माझ्या काचेवर असूनही सांगता येणार नाही.

मग तिने मजकूर लिहिला. तो मला पाठ आहे. 'तारयात्रीने शिरस्त्राण काढले. आत एक माणूस होता. तारेवर चढणे हे त्याचे काम होते, आणि ते काम त्याला येत होते. एके दिवशी वीज आली आणि तो गेला. तो आता कोणत्याही तारेवर नाही. त्याला भेटायचे असेल तर वर जाऊ नका. तुमच्या घरात ज्याला त्याची आठवण आहे, त्याला विचारा.'

दोन्ही कागद माझ्यावर ठेवले गेले. सुनेने बटण दाबले. तिघेही वाकून बघत होते. खालची अक्षरे वर आली, ओळीने, शहाण्यासारखी, आणि चेहऱ्यावरून नुसती अक्षरे म्हणूनच गेली. चोक गप्प होता.

शेवटच्या भागानंतरही पत्रे आली, पण ती निराळी. 'मी आईला विचारले. आई दोन तास बोलली.' अशी पुष्कळ. एक मात्र पार्सल होते. आत कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, जुने, तळव्याला झिजलेले. सोबत पत्र. 'तो गेला हे मला कळले. पण आमच्या कठड्यावर त्याचे हातमोजे राहिले. आमच्या घरात असे कुणी वापरत नाही. ते त्याच्या घरी द्यावेत.'

"कुणी लाईनमन विसरला असेल," आबा म्हणाले.

"असेल," सून म्हणाली. तिने एक मोजा हातात घालून पाहिला, काढला, आणि दोन्ही नीट घडी करून कपाटात ठेवले. फेकले नाहीत.

पुढचे माझे आयुष्य थोडक्यात सांगते. आबा थकले, मग गेले. चित्रे संगणकावर होऊ लागली, आणि मला एका हाडांच्या दवाखान्यात दिले. तिथे अकरा वर्षे लोक माझ्यावर मोडलेल्या मांड्या आणि वाकलेले कणे बघत होते. कुणी माझी काच पुसली नाही. मग तिथेही माझी गरज संपली आणि मी जिन्याखाली गेले. माझ्यावर रद्दी आली, रद्दीवर धूळ.

चिमणीने मला शोधून काढले तेव्हा तिचे केस पांढरे व्हायला लागले होते. आता ती मुलांना गोष्टींची पुस्तके करायला शिकवते. एका मुलाने लिहायचे, दुसऱ्याने काढायचे. वर्गाच्या मधोमध मी असते. नव्या ट्यूब घातल्या आहेत, काच दर सकाळी पुसली जाते.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना टाकू नका असे सगळेच सांगतात, मीही सांगते. पण माझी खरी विनवणी वेगळी आहे. तुम्ही कधी शब्द आणि चित्र एकत्र आणाल. तेव्हा ती दोन्ही एकावर एक ठेवून एकदा उजेडात धरा, आणि ती मिळून कुणाला काय म्हणताहेत ते वाचा. कारण समोर कुणीतरी लहान असते आणि त्याला सगळे खरे वाटते.

परवा वर्गात एका मुलीने आपला कागद मैत्रिणीच्या मजकुरावर ठेवला, बटण दाबले आणि झटकन हात मागे घेतला. माझा चोक गुणगुणू लागला. चिमणीने दिवा बंद केला नाही. तिने एक खुर्ची ओढली आणि त्या मुलीच्या शेजारी बसली.

"कोण आहे?" तिने विचारले.

मुलीने हळू आवाजात सांगितले.

"बरं," चिमणी म्हणाली. "कशी होती ती? अगदी सुरुवातीपासून सांग."